नानु केलसी

९ फेब्रुवारी १९५९, सोमवार

ही डायरी मधुकररावांनी मला एक जानेवारीला दिली. आज नऊ फेब्रुवारी. खोटं कशाला लिहू, एवढे दिवस मी रोज उद्यापासून लिहिणार होतो. पहिल्या दिवशी शाई नव्हती. शाई आणायला निघालो तो लालबागेत शिरलो आणि दिवेलागणीला शाईशिवाय परत आलो. पुढे शाई आली, पण डायरीच्या मागं जगाचा नकाशा छापलेला निघाला. त्या नकाशात एक आख्खा आठवडा गेला.

मधुकरराव माझ्या मावसबहिणीचे, नीलाताईचे यजमान. इथं बंगळुरात एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन आहेत. जयनगरात कस्तुराबाईंच्या घरात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहतात. इथं अजून घरांपेक्षा प्लॉटच्या खुणेचे दगड जास्त. मी डिसेंबरात कराडहून आलो तो पुढच्या खोलीत ट्रंकेवर पाय टेकून झोपतो. मधुकरराव सरळ रेषेचे गृहस्थ. त्यांचं म्हणणं, नोकरी शोधणं हीच एक नोकरी समज. सकाळी आठला बाहेर पड, कुठं गेलास, कोणाला भेटलास, काय शिकलास ते रात्री लिही. मी वाचणार नाही, म्हणाले, तुझी तुला लाज वाटली की पुरे.

आज लिहायला बसायचं कारण म्हणजे वडिलांचं, दादांचं पत्र. पत्र चार ओळींचं. गुढीपाडव्यापर्यंत नोकरी लागली तर उत्तम. नाही लागली तर आपल्या अडतीवरचा गडी विठोजी येऊन तुला घेऊन जाईल आणि मग आयुष्यभर गुळाच्या ढेपा मोजायच्या. दादा स्वतः येणार नाहीत. ते कोल्हापूरच्या पुढं कधी गेलेले नाहीत, आगगाडीत त्यांना डोळा मिटता येत नाही.

मला गुळाचं वावडं नाही. पण त्या अडतीत एक खुर्ची आहे. तिच्यात आजोबा बसले, दादा बसले. तिचा वेत माझ्याकडे बघतो असं मला लहानपणापासून वाटतं.

पाडवा नऊ एप्रिलला.

१० फेब्रुवारी

मधुकररावांचा नियम एक: अर्जात आधीच्या नोकऱ्या लिहाव्यात. लिहिल्या. हुबळीला छापखान्यात चार महिने. सर्कशीत तिकीट फाडायला दोन महिने. मिरजेत खोकल्याच्या औषधाचा फिरता विक्रेता, सहा आठवडे (खोकला मलाच झाला). नीलाताईनं वाचलं आणि म्हणाली, "रत्नाकर, ही नोकऱ्यांची यादी आहे की स्टेशनांची?"

नियम दोन: दाराशी इथल्या लोकांच्या भाषेत, कानडीत बोलावं. त्यांनी एक वाक्य पाठ करून घेतलं. ननगे केलस बेकु. मला काम पाहिजे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सहा फाटकं झाली. सगळीकडे मी वाक्य म्हटलं आणि सगळीकडे लोक हसले. पाचव्या फाटकावरच्या चौकीदारानं तर आतून दुसऱ्याला बोलावून आणलं आणि मला परत म्हणायला लावलं. शेवटी गांधी बाजारातल्या एका फुलवाल्यानं उलगडा केला. बेकु म्हणजे पाहिजे. मी म्हणत होतो बेक्कु. बेक्कु म्हणजे मांजर. सहा कारखान्यांत जाऊन मी सांगितलं की मला काम मांजर.

असल्या धोक्याच्या वाक्यावर भिस्त कोण ठेवणार? मी ते सोडून दिलं आणि स्वतःचं वाक्य केलं. कष्ट करतो तो कष्टी, उद्योग करतो तो उद्योगी. केलस म्हणजे काम, तर काम करतो तो केलसी. नानु म्हणजे मी. नानु केलसी. छोटं, स्वाभिमानी, मांजर कुठंच नाही. मॅट्रिकला मी दोनदा गणितात नापास झालो, व्याकरणात कधीच नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मुलाखत झाली. खरीखुरी, साहेबाच्या खोलीत. सगळं नीट लिहितो.

गरुडगिरी स्क्रू वर्क्स नावाचा कारखाना आहे, नवा, दीडशे माणसांचा. फाटकावर विचारलं, कोण तुम्ही. मी छाती काढून म्हटलं, "नानु केलसी." आणि काय सांगू, चौकीदारानं फाटक उघडलं. आत जा म्हणाला, साहेब वाटच बघतायत. फक्त "सामानु?" असं विचारलं. मी सर्टिफिकिटांची फाईल दाखवली. त्यानं ती उलटीपालटी करून जरा नवलानं माझ्याकडे पाहिलं. कमी आहेत, मला माहीत आहे.

साहेबांचं नाव सुब्बराव. पन्नाशीचे, भारदस्त. मी दारातच म्हटलं, नानु केलसी. त्यांनी घड्याळ पाहिलं, मान हलवली, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, मान मागं टाकली आणि डोळे मिटले.

मोठे लोक असंच ऐकतात. मधुकररावांनी सांगितलं होतं की विचारण्याची वाट न बघता स्वतःहून बोलावं. मी बोललो. छापखाना सांगितला, सर्कस सांगितली, खोकल्याचं औषध थोडक्यात आवरलं. माझं इंग्रजी त्या दिवशी माझंच मला आवडलं. साहेब मधे एकदाच बोलले, "नीरु." पाणी. मी धावत जाऊन माठातलं ग्लासभर आणलं. त्यांनी डोळे न उघडता दोन बोटं त्यात बुडवली आणि गालांना लावली. गरम होत असावं. मी पंख्याचं बटण दाबलं.

अगदी रंगात आलो होतो आणि नेमका तेवढ्यात पत्र्याची पेटी घेतलेला एक न्हावी आत आला. साहेबांनी डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत त्याच्याकडे. मग मला बाहेर जायला सांगितलं.

माझं नशीबच असलं. मुलाखतीच्या मध्ये दाढी निघावी? नियम तीन मी स्वतः केला: भेटायला जाण्याआधी साहेबाच्या हजामतीचा वार विचारून घ्यावा. गरुडगिरीचा गुरुवार.

निकाल कळवतील असं वाटतं. ऐकत तर फार मन लावून होते.

२५ फेब्रुवारी

निकाल नाही. दोन दिवस तलावावर होतो. धोबीघाटावर एक माणूस कपडे आपटताना ताल धरतो, तो ऐकण्यासारखा आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

डायरे, आज मला धरणीनं पोटात घ्यावं.

बसवनगुडीत गांधी बाजाराच्या कोपऱ्यावरून चाललो होतो. एका दुकानातून हाक आली. तोच न्हावी. शिवाप्पा त्याचं नाव. हातातलं गिऱ्हाईक तसंच फेस लावलेलं सोडून तो बाहेर आला आणि मला खांद्याला धरून आत घेऊन गेला. मिरजेत आठ वर्षं दुकान होतं त्याचं, त्यामुळं मराठी येते.

"ते दिवशी माझ्या पोटावर पाय द्यायला आला होता का तू?" म्हणाला. पण हसत होता.

मी म्हटलं, मी कशाला, मी तर नोकरीला आलो होतो.

"मग केलसी म्हणून कशाला सांगितलं?"

"केलसी म्हणजे काम करणारा ना?"

फेस लावलेलं गिऱ्हाईक खुर्चीतच दुमडलं. शिवाप्पानं आधी वस्तरा खाली ठेवला, मग भिंतीला टेकून हसला, मग डोळे पुसून मला समजावलं. इकडं केलसी म्हणजे न्हावी. दुसरा अर्थ नाही. साहेबांना वाटलं, आज शिवाप्पानं बदलीवर पोरगं पाठवलं. म्हणजे ती मान, ते मिटलेले डोळे, ते पाणी... वीस मिनिटं तो माणूस दाढीची वाट बघत बसला होता आणि मी त्याला सर्कस सांगत होतो.

"सायब काय म्हणाले माहिती आहे?" शिवाप्पा म्हणाला. "म्हणाले, तुझा माणूस बोलतो चांगलं, हात चालवत नाही."

चहा त्यानंच पाजला.

३ मार्च

चहाचा पेला परत द्यायला म्हणून गेलो तो तिथंच दिवस गेला. कालही गेला. पेला पहिल्याच दिवशी परत केला होता.

मधुकरराव वर्तमानपत्रातल्या जाहिराती कापून माझ्यासाठी ठेवतात, सरळ रेषेत. पण जाहिरात छापून येते तेव्हा ती जागा शिळी झालेली असते. शिवाप्पाच्या खुर्चीत ती ताजी असते. कोण रिटायर होणार, कुणाची बदली, कुठल्या कारखान्यात नवं यंत्र येऊन खोक्यात पडलंय, हे सगळं माणसं मान मागं टाकून सांगतात. गळ्यावर वस्तरा असला की माणूस खरं बोलतो. नियम चार: जाहिरात वाचू नये, दाढी ऐकावी.

शिवाप्पाला लिहिता येत नाही. त्याच्या बाकावर बसणाऱ्या निम्म्या लोकांना इंग्रजी येत नाही. मला जेमतेम येतं, पण मोडकं का होईना, भिडस्त नाही. आज बसवंत नावाच्या टर्नरचा अर्ज लिहून दिला. छापखान्यात असताना शेकडो अर्ज जुळवले होते, सगळे एका साच्यातले, आय हॅव द ऑनर टु स्टेट. मी तेच लिहायला घेतलं. शिवाप्पानं काय लिहिलंस म्हणून विचारलं आणि नाक मुरडलं.

"वस्तऱ्याला कोण विचारतंय तुझी शाळा कुठली? कापतो का नाही, एवढंच बघतात. याला काय येतं ते लिही. काय येत नाही ते पण लिही, म्हणजे पहिलं खरं वाटतं."

म्हणून लिहिलं: हा लेथवर नऊ वर्षं आहे. सुताएवढा फरक बोटानं ओळखतो. इंग्रजी वाचता येत नाही. कधी उशीर करत नाही.

हा नियम पण चारच. आधीचा फार लहान होता.

११ मार्च, बुधवार

बसवंतला गरुडगिरीत जागा मिळाली. तो पेढ्यांऐवजी चिरोटे घेऊन आला. त्याच्या मागोमाग एक फिटर आणि एक हिशेबनीस अर्ज लिहून घ्यायला. लिहिले. आज बाकावर माझी जागा ठरलेली आहे आणि गिऱ्हाइकं मला "बरवणिगे सायब" म्हणतात, लिहिणारा साहेब.

मधुकररावांनी संध्याकाळी विचारलं, किती अर्ज केले. मी म्हटलं, नऊ. ते प्रसन्न झाले. त्यातला माझा एकही नाही हे त्यांनी विचारलं नाही.

का नाही, ते मला नीट सांगता येत नाही. बसतो, कागद सरळ करतो, "याला काय येतं" इथवर येतो आणि मग दुकानात कुणीतरी मजेशीर माणूस शिरतो.

१८ मार्च

कस्तुराबाईंनी घात केला.

त्यांचं घराणं शिंप्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं. त्यांचं मराठी आपल्याला समजतं, पण त्यात मधेमधे खड्डे असतात. मागच्या आठवड्यात कराडचा एक बियाणेवाला गावाकडचा निरोप घेऊन आला. नीलाताई बाजारात, मी दुकानात. कस्तुराबाईंनी त्याला सांगितलं, "रत्नाकरप्पा व्हय? त्यो शिवाप्पाकडं असतोय की दिवसभर. केलसी हाय न्हवं." आणि न समजल्यासारखं त्याचं तोंड बघून बोटानं गालावर वस्तरा फिरवून दाखवला. फाटकाफाटकावर मी स्वतः तेच सांगत होतो, त्यांचा काय दोष. मी त्यांना जाब विचारला तर म्हणाल्या, "मग सरी की (सरी म्हणजे ठीक). हातात कसब असलं तं बरंच."

आज दादांचं पत्र आलं. उतरून ठेवतो, कारण असलं पत्र परत येणार नाही.

"चि. रत्नाकर यास आशीर्वाद. तू तिकडे न्हावी झालास असे समजले. काम कोणतेही हलके नसते. आपल्या आळीतील न्हावी आजारी पडला की सारा गाव अस्वली दिसतो. तेव्हा त्याबद्दल माझा राग नाही. परंतु आठवीत असताना पेन्सिलीला टोक काढताना तू दोन बोटे कापून घेतलीस. लोकांच्या माना तुझ्या हाती कोणी दिल्या, त्याचे नाव कळव. पाडव्याला विठोजी येतो आहे. तोवर कोणाच्या गळ्याला हात लावू नको."

शिवाप्पाला वाचून दाखवलं. तो हसला. "बाप चांगला आहे तुझा," म्हणाला. "आज उत्तर टाक."

उद्या टाकतो. नोकरी लागली नाही आणि न्हावीही झालो नाही, असं दोन्ही बाजूंनी रिकामं पत्र कसं टाकायचं?

२६ मार्च, गुरुवार

शिवाप्पा गरुडगिरीवरून आला आणि म्हणाला, फाईल घे, सायबांनी बोलावलं.

मी म्हटलं, कुणाला, मला? कशाला? पाणी द्यायला?

साहेब टेबलामागं बसले होते, दाढी झालेली. समोर तीन अर्ज. बसवंतचा, फिटरचा, हिशेबनिसाचा. तिन्हींत मी "लेथ" आणि "लेट" या शब्दांचं स्पेलिंग एकच केलं होतं. हिशेबनीस कधी लेथ करत नाही, असं वाचून त्यांनी शिवाप्पाला विचारलं, हे लिहितो कोण. त्यांनी वर पाहिलं आणि मला ओळखलं. इंग्रजीत म्हणाले, अच्छा, बोलणारा न्हावी.

मग म्हणाले, दुसऱ्यांचं बरं लिहितोस, आता समोर बसून स्वतःचं लिही. पाच ओळी. तिथं बाक नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं, खिडकीतून फक्त भिंत दिसत होती. पळायला जागाच नाही. लिहिलं: याला चार भाषा मोडक्या येतात, त्यांतल्या एकीत तो न्हावी आहे. अनोळखी माणसाला अर्ध्या तासात बोलतं करतो. वाटेत हमखास रस्ता चुकतो. लिहायचं पुढं ढकलतो. चार महिन्यांच्या वर कुठं टिकलेला नाही.

शेवटची ओळ खोडणार होतो. शिवाप्पाचा नियम आठवला, राहू दिली.

साहेबांनी वाचलं आणि त्या शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली. कळवतो म्हणाले.

१ एप्रिल

टपालानं नेमणुकीचं पत्र आलं. आजची तारीख बघून मधुकररावांनी ते दिव्याकडे धरून पाहिलं. खरं आहे. गरुडगिरी स्क्रू वर्क्स, टाइम ऑफिस, फाटकावर बसायचं काम. येणाऱ्या प्रत्येक माणसाला कोण तुम्ही, काय येतं, असं विचारायचं आणि लिहायचं. पंधरा एप्रिलपासून. सहा महिने कच्ची नोकरी, मग पक्की. सहा या आकड्याखाली पुन्हा तीच पेन्सिलीची रेघ.

नीलाताईनं शिरा केला. मधुकरराव इतके खूश झाले की ताट वाकडं ठेवलं तरी सरळ केलं नाही.

आज रात्री दादांना लिहितो.

५ एप्रिल, रविवार

नाही लिहिलं. नेमणुकीचं पत्र डायरीत ठेवलंय, नकाशाच्या पानात.

खरं कारण लिहितो, इथं कोण वाचतंय. छापखान्यात लागलो तेव्हा दादांना लगेच कळवलं होतं. सर्कशीत लागलो तेव्हाही. त्यांनी दोन्ही वेळेला देवापुढं पेढे ठेवले आणि दोन्ही वेळेला मी पेढे संपायच्या आत घरी. परत कळवलं की परत पेढे. एकदा लिहिलं की ते खरं होतं, मग टिकावं लागतं. त्यापेक्षा विठोजी येईल तेव्हा त्याच्याच हाती ते नेमणुकीचं पत्र देईन. तो वाचू शकत नाही, त्यामुळं काही विचारणारही नाही.

८ एप्रिल, बुधवार

आज अमावास्या, उद्या पाडवा. अमावास्येला कोणी दाढी करत नाही, दुकान रिकामं. शिवाप्पा उद्यासाठी कडुलिंब आणि आंब्याची पानं आणायला गेलाय, दुकानावर मी. विठोजी पाडवा गाठायला आज सकाळच्याच गाडीनं येणार. कस्तुराबाईंना सांगून ठेवलंय, आला की इकडं पाठवा. त्याला ओळखायला सोपं, त्याचा फेटा आधी येतो.

मघापासून दादांना पत्र लिहायला घेतलंय. तीर्थरूप दादा यांस, एवढं झालं. पुढं "याला काय येतं" इथं अडलोय. म्हणून जरा डायरी.

कोपऱ्यावर टांगा थांबला.

फेटा नाही. काळी टोपी आहे, कोट आहे, हातात अडतीवर नेहमी असते ती पितळी कडीची पिशवी. टांगेवाल्याला मराठीतच काहीतरी ठणकावून सांगतायत आणि तो सरी, सरी म्हणतोय. कोल्हापूरच्या पुढं कधी न गेलेला माणूस गांधी बाजाराच्या कोपऱ्यावर उभा आहे. डोळे लाल, दोन दिवसांची दाढी.

मी उठायच्या आत दादा आत आले. माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरून उलटेसुलटे केले, दहाही बोटं मोजली. मग टोपी खुंटीला लावली. ज्यांनी जन्मात अमावास्येला वस्तरा लावून घेतला नाही, ते खुर्चीत बसले, मान मागं टाकली आणि डोळे मिटले. म्हणाले, "लोकांच्या दाढ्या नंतर कर. आधी माझी."

मी म्हटलं, दादा, मी केलसी नाही. मला एक पत्र दाखवायचंय, डायरीत आहे.

डोळे न उघडता त्यांनी हात पुढं केला. नकाशाचं पान उघडून मी पत्र त्यांच्या हातात ठेवलंय. ते वाचायला चष्मा शोधतायत. तेवढ्यात हे लिहून घेतो, कारण एकदा लिहिलं की ते खरं होतं, मग टिकावं लागतं.